शिरेतली नळी, सिकलसेलचे शरीर

सिकलसेलच्या रुग्णाचा दवाखान्याशी संबंध बहुतेक वेळा शिरेतूनच येतो. अंग ठणकू लागले की सलाईन, हिमोग्लोबिन उतरले की रक्त, छाती भरली की शिरेतून अँटिबायोटिक, ऑपरेशन ठरले की त्याआधी पुन्हा रक्त. हे सगळे ज्या वाटेने आत जाते ती वाट म्हणजे कॅथेटर, एक नळी. कधी ती मनगटाजवळ टोचलेली बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी कॅन्युला असते. कधी मानेच्या किंवा छातीच्या शिरेतून हृदयाच्या तोंडापर्यंत नेलेली लांब ‘सेंट्रल लाईन’ असते. त्वचा ही शरीराची पहिली तटबंदी. नळी बसवणे म्हणजे तिला जाणूनबुजून भोक पाडणे आणि ते काही दिवस, काही आठवडे, क्वचित काही वर्षे उघडे ठेवणे. नळीतून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका कोणत्याही रुग्णाला असतो. सिकलसेलमध्ये तो वाढतो, आणि झालेला संसर्ग लवकर ओळखूही येत नाही.

आजाराचे मूळ फार छोटे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे ताठ धागे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि लवकर फुटतात. वाहिन्या तुंबल्या की वेदना, पेशी फुटल्या की पंडुरोग. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी नागपूर भागातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली. तेव्हापासून विदर्भाचे नाव या आजाराशी जोडलेले आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, आणि पलीकडे नंदुरबारचा सातपुडा, या पट्ट्यात ‘सिकलसेल’ हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, कोरकू यांच्याइतकाच तो विदर्भातल्या अनेक बिगर-आदिवासी समाजांतही आहे. सरकारी तपासणीनंतर हातात कार्ड पडते. पिवळे असेल तर वाहक, लाल असेल तर रुग्ण. या लेखाचा विषय लाल कार्डवाले आहेत.

पानथरी थकते तेव्हा

रक्तात शिरलेले जंतू गाळून संपवण्याचे मोठे काम पानथरी करते. तिच्यातून रक्त संथ वाहते, तिथे ऑक्सिजन कमी असतो; म्हणून वाकलेल्या पेशी सगळ्यांत आधी तिथेच अडकतात. रक्तपुरवठा वारंवार तुटत गेला की पानथरी आतून मरत जाते. आफ्रिकी वंशाच्या मुलांत हे पाचव्या वर्षापर्यंत बहुधा उरकलेले असते. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून असते, त्यामुळे आजार काहींमध्ये सौम्य राहतो आणि तरुण रुग्णाचीही पानथरी पोटावर हात ठेवताच लागते. यावरून ती शाबूत आहे असा समज होतो. मोठी झालेली पानथरी काम करणारी असतेच असे नाही. कित्येकदा ती फक्त रक्त साठवून धरते आणि एखाद्या दिवशी अचानक इतके रक्त ओढून घेते की मूल काही तासांत पांढरेफटक पडते.

पानथरी गेली की सर्वाधिक भीती असते ती जाड कवचाच्या जंतूंची: न्यूमोकोकस, हिमोफिलस, मेनिंगोकोकस. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लहान मुलांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिले, तेव्हा न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. आपल्याकडे न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली.

पण नळीवर बसणारे जंतू बहुतांशी वेगळे असतात. त्वचेवर निरुपद्रवी राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, त्याचा आडदांड भाऊ स्टॅफिलोकोकस ऑरियस, रुग्णालयातल्या ओलसर जागी वाढणारे क्लेबसिएला आणि स्यूडोमोनस, शिवाय कॅन्डिडा ही बुरशी. पेनिसिलिनची गोळी आणि न्यूमोकोकसची लस यांना ही मंडळी जुमानत नाहीत. म्हणजे लसीकरण पूर्ण आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत, अशा मुलाच्याही हातातल्या सुईकडे पाहावेच लागते.

या जंतूंपुढे सिकलसेलचे शरीर का हरते, याला एकच एक कारण नाही. रक्त गाळणारी पानथरी मंद असते. जंतूंवर खूण करून पांढऱ्या पेशींना ते दाखवून देणारी पूरक प्रथिनांची यंत्रणा अपुरी पडते. रक्तपुरवठा तुटून हाडांत मेलेले तुकडे राहतात. नळीतून निघालेला जंतू तिथे ठाण मांडतो, आणि तिथवर ना रक्त पोहोचते ना औषध. शिवाय या आजारात रक्त गोठण्याकडे झुकलेले असते. नळीच्या टोकाशी फायब्रिनचा थर आणि गुठळी जमते, तीच जंतूंना बसायला जागा देते. या सगळ्यांच्या वर साधा हिशेब आहे तो नळ्यांच्या संख्येचा: ज्याला वर्षात पाच-सहा वेळा भरती व्हावे लागते, त्याच्या शरीरात जंतूंसाठी तितक्याच वेळा दार उघडते.

शीर सापडत नाही

वारंवार टोचून हातांच्या शिरा कडक होतात, बुजतात, त्वचेखाली दोरीसारख्या लागतात. रुग्ण वेदनेच्या झटक्यात येतो तेव्हा बहुधा पाणी कमी प्यायलेला असतो, अंग गार पडलेले असते, शिरा आक्रसलेल्या असतात. पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात दिवसभर उभे राहून किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडून आलेल्या माणसाचा झटका असाच असतो. सिस्टर एक हात बघतात, दुसरा बघतात, कोपराच्या खोबणीत बोट फिरवतात. जुना रुग्ण स्वतःच सांगतो, इथली गेली, तिथली अजून लागते.

प्रत्येक फसलेली टोच म्हणजे त्वचेला आणखी एक भोक आणि त्याखाली जमलेले थोडे रक्त. शीर सापडत नाही म्हणून हात पुन्हापुन्हा चाचपला जातो, स्वच्छ केलेली जागा परत बोटांखाली येते, आणि स्पिरिटचा बोळा फिरवण्याला अर्थ उरत नाही. शेवटी नजर पायाकडे जाते. सिकलसेलमध्ये घोट्याच्या शिरा टाळाव्यात असे पाठ्यपुस्तके बजावतात, कारण त्या भागात रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो आणि न भरणारे व्रण तिथेच होतात. रात्री दोन वाजता, कण्हणाऱ्या रुग्णासमोर, ही सूचना पाळणे कठीण जाते.

मोठ्या रुग्णालयांत यावर उपाय आहे: सोनोग्राफीच्या मदतीने खोलवरची शीर पाहून सुई बसवणे. भारतात मात्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते आणि ते कुठे, कोण वापरतो यावर बंधने असतात. ती आवश्यकच आहेत. पण त्यामुळे खिशात मावेल असे यंत्र घेऊन वॉर्डभर शिरा शोधत फिरणे इथे सहज घडत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या हाती उरतात ते जुनेच उपाय: हात कोमट पाण्यात धरणे, गरम कापडाने शेकणे, तोंडाने पाणी पाजत राहणे, आणि ज्या सिस्टरांचा हात हलका आहे त्यांना बोलावणे. यातला शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी. दोन प्रयत्न फसले की तिसरा आपण करायचा नाही, अधिक अनुभवी हाताकडे द्यायचा, हा नियम अनेक ठिकाणी लेखी आहे. तो पाळायला खर्च काही नाही. मोठेपणा तेवढा गिळावा लागतो.

हातावरची सुई

कॅन्युलाला वॉर्डात ‘इंट्राकॅथ’ म्हणतात. तिच्या टोपणाच्या रंगावरून जाडी कळते. पिवळी बारीक, लहान मुलांची. निळी त्याहून जाड. मोठ्यांना रक्त चढवायला गुलाबी किंवा हिरवी. सेंट्रल लाईनवर जगभर इतके लिहिले गेले आहे की या साध्या सुईकडे दुर्लक्ष झाले. विदर्भातल्या सिकलसेल रुग्णाच्या वाट्याला आयुष्यभर प्रामुख्याने हीच येते, म्हणून ती बारकाईने पाहायला हवी.

त्वचेतून शिरते त्या जागी प्लास्टिक आणि कातडी यांच्यामध्ये केसभर फट असते. त्यावर पारदर्शक पट्टी लावली तर जागा रोज दिसते. पट्टी महाग, म्हणून मायक्रोपोर टेपचे तीन-चार तुकडे आडवेतिडवे लावले जातात. ते घामाने सुटतात, वर आणखी टेप चढते, आणि चौथ्या दिवशी सुईखाली काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. टेपचा रोल वॉर्डभर एकच असतो. तो ट्रॉलीवर लोळतो, अ‍ॅप्रनच्या खिशात फिरतो, आणि त्याचा चिकट भाग थेट जखमेवर बसतो.

सुईच्या मागे ‘थ्री-वे’ लावतात, तीन तोंडांचा छोटा नळ. एका तोंडातून सलाईन, दुसऱ्यातून इंजेक्शन. इंजेक्शन देताना त्याचे टोपण काढून गादीवर ठेवले जाते आणि मग तेच परत बसवले जाते, किंवा हरवते आणि तोंड उघडेच राहते. आत साचलेल्या रक्ताच्या थेंबात जंतूंना हवे ते सगळे असते. नियम सांगतो की प्रत्येक वेळी तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने दहा-पंधरा सेकंद घासावे, वाळू द्यावे, मग सिरिंज लावावी. पंधरा सेकंद म्हणजे फार नाही. चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर असतील आणि प्रत्येकाला दिवसाला तीन-चार इंजेक्शने असतील, तर त्याच पंधरा सेकंदांचा हिशेब अर्ध्या-पाऊण तासावर जातो. इथे निष्काळजीपणाचा आरोप करणे सोपे आहे. खरे दुखणे माणसांच्या तुटवड्याचे आहे.

सलाईनच्या बाटलीचीही एक गोष्ट आहे. कडक प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी नीट उतरत नाही, म्हणून तिच्या वरच्या बाजूला एक सुई टोचून हवेला वाट करून देतात. त्या सुईतून खोलीतली हवा थेट शिरेकडे निघालेल्या पाण्यात मिसळते. स्वतःहून आक्रसणारी बंद पिशवी वापरली तर हे टळते. अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिको येथील अतिदक्षता विभागांत बाटलीऐवजी अशा पिशव्या आल्यावर सेंट्रल लाईनमुळे होणारे रक्तसंसर्ग जवळपास एक तृतीयांशावर आले. आपल्याकडच्या वॉर्डांत बाटलीला टोचलेली सुई अजून इतकी सवयीची आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

सुई किती दिवस ठेवायची, यावर मत बदलले आहे. पूर्वी दर ७२ ते ९६ तासांनी ती बदलायची असा दंडक होता. ऑस्ट्रेलियातल्या ३,२८३ रुग्णांवरच्या चाचणीने २०१२ मध्ये दाखवले की ठरलेल्या वेळी बदलली काय किंवा गरज पडल्यावर बदलली काय, शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच राहते. शिरा मोजक्या उरलेल्या सिकलसेल रुग्णाला हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. मात्र त्याला एक अट आहे: सुईची जागा रोज कोणीतरी पाहिली पाहिजे. लाली, ठणका, सूज, शिरेवर उमटलेली तांबडी रेघ, पू, यांपैकी काहीही दिसले की सुई त्याच क्षणी बाहेर. जिथे रोज पाहणे होत नाही, तिथे ‘गरज पडल्यावर’ याचा अर्थ ‘पू झाल्यावर’ असा होतो.

गावाकडच्या खासगी दवाखान्यांत एक रीत सर्रास दिसते. संध्याकाळी सलाईन संपले की हातातली इंट्राकॅथ तशीच ठेवून, वर फडके बांधून रुग्णाला घरी पाठवतात. उद्या परत या. शीर पुन्हा शोधावी लागू नये हा त्यामागचा सरळ हेतू. रुग्ण त्या हाताने भांडी घासतो, गुराला चारा टाकतो, विहिरीवर अंघोळ करतो. दुसऱ्या दिवशी दुखणे कमी झाले तर तो येतही नाही आणि सुई तीन-चार दिवस हातातच राहते. सिकलसेलमध्ये ही रीत बंद व्हायला हवी.

छातीतल्या नळ्या

हाताच्या शिरा संपल्या, किंवा दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यायचेच ठरले, की मोठ्या नळीचा विचार येतो. नियमित रक्ताची गरज प्रामुख्याने पक्षाघात टाळण्यासाठी असते. मेंदूच्या धमनीतला रक्ताचा वेग डॉपलरने मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या मुलांना नियमित रक्त दिले तर पहिल्या पक्षाघाताचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो, हे १९९८ च्या अमेरिकी चाचणीत दिसले. काही मुलांमध्ये रक्त नुसते चढवत नाहीत, यंत्रावर बदलतात. एका बाजूने विळ्यासारख्या पेशी काढायच्या, दुसरीकडून चांगल्या घालायच्या. त्यासाठी दोन जाड वाटा लागतात.

या नळ्यांचे प्रकार मोजके आहेत. मानेतली, खांद्याखालची किंवा जांघेतली शीर गाठणारी साधी सेंट्रल लाईन काही दिवसांसाठी असते. दंडातून आत सरकवलेली ‘पिक’ लाईन काही आठवडे टिकते. छातीच्या कातडीखालून बोगदा करून आणलेली हिकमन नळी काही महिने चालते. सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट हिकमन यांनी ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी १९७० च्या दशकात विकसित केली. आणि पोर्ट: कातडीखाली पूर्ण पुरलेली नाण्याएवढी डबी, जिच्या रबरी पडद्यात खास सुई टोचून काम झाले की सुई काढून घ्यायची. आपल्याकडे कर्करोगाच्या औषधांमुळे ‘केमोपोर्ट’ हे नाव रूढ आहे. बाहेर काहीच लोंबत नसल्याने पोर्टमध्ये संसर्गाची शक्यता या सगळ्यांत कमी मानली जाते.

तरीही अमेरिकेतल्या रुग्णालयांनी गेल्या तीन दशकांत सिकलसेल रुग्णांच्या पोर्टचे जे अनुभव प्रसिद्ध केले, ते फारसे सुखद नाहीत. संसर्ग आणि गुठळ्या या दोन कारणांनी अनेक पोर्ट मुदतीआधी काढावे लागले. म्हणून तिथले जाणकार पोर्टची शिफारस हात राखून करतात, आणि शक्य तिथे रक्त बदलण्याचे कामही हाताच्या शिरेतूनच करतात. महाराष्ट्रात पोर्ट बसवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: त्याची निगा कोण राखणार? खास सुई नागपुरात मिळते, गडचिरोलीतल्या धानोऱ्याला नाही. वापर नसला तरी पोर्ट चार ते सहा आठवड्यांनी निर्जंतुक पद्धतीने धुवावा लागतो. दोनशे किलोमीटरवरून त्यासाठी एस.टी.ने यायचे, मजुरी बुडवायची, हे दर महिन्याला होईल का, याचे प्रामाणिक उत्तर नाही असे असेल, तर पोर्ट न बसवणेच शहाणपणाचे.

बसवायचीच असेल, तर बसवण्याची शिस्त जगाने शिकून घेतली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला. हात धुणे, टोपी-मास्क-गाऊनसह पूर्ण चादर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपली की नळी काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दीड वर्षाच्या अखेरीस दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून १.४ वर आले होते. यातले एकही साधन नवे नव्हते. नवी होती ती यादी, आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा नर्सला दिलेला अधिकार. यादी आपल्याकडेही भिंतीवर लागली आहे. अधिकाराचे तसे नाही.

जंतू कसा वस्तीला येतो

नळीवर जंतू पोहोचण्याच्या वाटा ठराविक आहेत. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात तो बहुधा त्वचेवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने सरकत जातो. नळी जुनी झाली की आतल्या बाजूने, जोडाच्या तोंडातून येतो. म्हणजे हात लावणाऱ्यांच्या बोटांवरून. क्वचित दूषित सलाईनमधून, किंवा शरीरातल्याच दुसऱ्या जागेच्या संसर्गातून.

पोहोचल्यावर तो एकटा राहत नाही. प्लास्टिकला चिकटून जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. आवरणाच्या आत ते मंद गतीने जगतात, म्हणून वाढत्या जंतूंना मारणारे औषध तिथे बोथट ठरते. रक्तात अँटिबायोटिक चालू असेपर्यंत ताप उतरतो. औषध थांबले की चार दिवसांनी पुन्हा चढतो. नळीतून सलाईन सोडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात थंडी वाजून ताप आला, तर संशय थेट नळीवरच घ्यावा. भारतात या रक्तसंसर्गांत क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारख्या जंतूंचा वाटा मोठा असतो आणि त्यांतले पुष्कळ नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

झटका की संसर्ग?

खरा घात इथे होतो. सिकलसेलच्या झटक्यात ताप येऊ शकतो, पांढऱ्या पेशी वाढतात, हाडे दुखतात. नळीच्या संसर्गातही हेच होते. मांडी दुखते ती झटक्यामुळे की हाडात जंतू गेल्यामुळे, हे पहिल्या दिवशी हाताने तपासून सांगता येत नाही. आणि सिकलसेलमध्ये हाडात बसणारा जंतू स्टॅफिलोकोकस असतो तसा साल्मोनेलाही असतो. छातीतल्या नळीवरची जंतूंनी भरलेली गुठळी तुटून फुप्फुसात गेली तर एक्स-रेवर डाग उमटतात, आणि सिकलसेलमध्ये असे डाग दिसले की डॉक्टरांच्या मनात आधी येतो तो ‘अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम’. त्याच्या उपचारात ऑक्सिजन आणि रक्त येते. तेच रक्त संसर्ग झालेल्या नळीतून चढवले जाण्याचीही शक्यता असते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या गोंधळात हिवतापाची भर पडते. थंडी वाजून ताप म्हटले की आशाताई आधी हिवतापाची तपासणी करतात, आणि ते बरोबरच आहे. ती निगेटिव्ह आल्यावर मात्र पॅरासिटामॉल देऊन थांबता येत नाही.

म्हणून जगभर एक आकडा ठरलेला आहे: ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१.३ अंश फॅरनहाइट. सिकलसेलच्या रुग्णाला एवढा ताप म्हणजे तातडीची स्थिती. आधी रक्ताचे कल्चर घ्यायचे आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचे, बहुधा सेफ्ट्रियाक्झोन. सेंट्रल लाईन असेल तर रुग्णाला घरी सोडायचे नाही आणि स्टॅफिलोकोकसवर चालणारे औषध जोडण्याचा विचार करायचा. कल्चर दोन जागांवरून एकाच वेळी घेतात, एक नळीतून, एक दुसऱ्या हाताच्या शिरेतून. नळीतून घेतलेल्या रक्ताच्या बाटलीत जंतू दुसऱ्या बाटलीपेक्षा निदान दोन तास आधी उगवला, तर उगम नळीत आहे असे धरतात.

ग्रामीण रुग्णालयात कल्चरची सोय सहसा नसते. तिथे निदान एवढे करता येते की पहिला डोस देण्याआधी कल्चरच्या बाटलीत रक्त घेऊन ती रुग्णाबरोबर जिल्ह्याला पाठवायची. प्रत्यक्षात उलटे घडते. तीन ठिकाणी तीन वेगवेगळी इंजेक्शने घेऊन रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो आणि तिथल्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

काढायची की वाचवायची

निदान पक्के झाल्यावर हाताची सुई काढण्याबद्दल वाद नाही. वाद असतो तो पोर्ट किंवा हिकमनबद्दल, कारण ती गेली तर दुसरी कुठे बसवायची हा प्रश्न असतो. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनस किंवा कॅन्डिडा असेल, बोगद्यात पू असेल किंवा रक्तदाब घसरत असेल, तर नळी काढावीच लागते. ऑरियस असेल तर हृदयाच्या झडपांची तपासणी करून निदान दोन आठवडे औषध द्यावे लागते. सौम्य एपिडर्मिडिस असेल तर नळी वाचवण्याचा प्रयत्न करता येतो: शिरेतून औषध चालू ठेवायचे आणि वापर नसताना नळीच्या पोकळीतच तीव्र औषध भरून ती बंद ठेवायची. याला ‘लॉक’ म्हणतात. टॉरोलिडिन आणि हेपॅरिनच्या अशाच एका लॉकला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण ती डायलिसिसच्या नळीसाठी, आणि संसर्ग टाळण्यासाठी.

लघवीची नळी हा वेगळा आणि छोटा विषय. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमता लहानपणीच कमी होते, लघवीचे संसर्ग तसेही अधिक होतात. पक्षाघात, बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर बसवलेली नळी जितके दिवस राहील तितकी जंतूंची शक्यता वाढते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, जोड न उघडता, आणि रुग्ण उठून बसू लागला की नळी बाहेर, एवढे पाळले तरी पुष्कळ.

नळीची गरजच घटली तर

सर्वांत मोठा बचाव वॉर्डाबाहेर आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी वेदनेचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. छातीचे गंभीर झटके सुमारे निम्म्यावर आले आणि रक्ताची गरजही घटली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम इतकाच कमी, ठरावीक डोस देऊन चांगला परिणाम दाखवला. कमी डोसमुळे रक्ताच्या तपासण्यांचा व्यापही आवाक्यात राहतो. झटके घटले की भरती घटते, भरती घटली की सुया घटतात. तोंडाने पाणी आणि गोळ्यांनी आवरणाऱ्या झटक्याला शिरेतून सलाईन देण्याची सवय सोडली, तर आणखी घटतात. सलाईन लावले तरच इलाज झाला, हा समज रुग्णांइतकाच डॉक्टरांनीही जोपासला आहे.

जनुकीय उपचार आले तरी नळीपासून सुटका नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या मूळ पेशी यंत्रावर गोळा करतात, प्रयोगशाळेत सुधारतात, तीव्र औषधाने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि पेशी परत सोडतात. हे सगळे जाते सेंट्रल लाईनमधूनच, आणि मधल्या काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर असतात. नळीच्या संसर्गाला याहून अनुकूल काळ नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणातही हेच.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर सात कोटी लोकांच्या तपासणीवर आणि २०४७ पर्यंतच्या उच्चाटनावर आहे. तपासणीत लाल कार्ड मिळालेले मूल उद्यापासून सुया घेणार आहे. त्याच मोहिमेच्या पैशातून ग्रामीण रुग्णालयांना पारदर्शक पट्ट्या, क्लोरहेक्सिडिन, बंद सलाईन पिशव्या आणि कल्चरच्या बाटल्या मिळाल्या, तर ते तपासणीइतकेच मोलाचे काम ठरेल.

तोवर लाल कार्डधारकाच्या घरच्यांनी तीन गोष्टी कराव्यात. भरती असताना रोज सकाळी सिस्टरांना विचारावे, ‘ही सुई आज लागणार आहे का?’ लागणार नसेल तर ती काढल्याशिवाय घरी जाऊ नये. आणि सुटी मिळाल्यानंतर १०१ च्या वर ताप आला, तर गोळी देऊन रात्र काढू नये. कार्ड घेऊन त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि पोहोचताच पहिल्या वाक्यात सांगावे की सिकलसेल आहे आणि गेल्या आठवड्यात शिरेत नळी होती.